दुसऱ्या खिडकीपाशी मिळालेले हाड

शोधनिबंधांची शीर्षके सहसा कुणी दोनदा वाचत नाही. २०१४ साली ‘मायटोकॉन्ड्रियन’ या नियतकालिकात आलेल्या एका निबंधाचे शीर्षक मात्र मी अनेकदा वाचले आहे, आणि दर वेळी एकाच शब्दापाशी अडलो आहे. मराठीत ते साधारण असे होईल : ‘पश्चिम भारतातील उत्खननात मिळालेला अवशेष बहुधा जॉर्जियाची राणी केतेवान हिचा’. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्याने मिळून लिहिलेला हा निबंध. त्यामागे जुन्या गोव्यातले कित्येक हंगामांचे खोदकाम आहे, सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज कागदांचे वाचन आहे, आणि प्रयोगशाळेतले किचकट काम आहे. इतके सगळे करून झाल्यावर लेखकांनी शीर्षकातच लिहिले, ‘बहुधा’.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आत्याला घेऊन जुन्या गोव्याला गेलो, तेव्हा गाडीत तिला ही गोष्ट सांगत होतो. आत्या मालवणची. तीन डिसेंबरच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला ती आजवर चार-पाच वेळा तरी गेली असेल. शेजारच्या ख्रिस्ती बायकांबरोबर एसटीने जायचे, मेणबत्ती लावायची, खाजे घेऊन परत यायचे, यात आपण काही वेगळे करतो असे तिला कधी वाटले नाही. राणीची कथा तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग विचारले, “पण तां हाड तिचांच कशावरसून रे?” हाच प्रश्न हैदराबादच्या प्रयोगशाळेलाही विचारला गेला होता.

केतेवान ही पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. नवरा गेला, मुलगा तैमुराज गादीवर आला, आणि इराणच्या शाह अब्बासची नजर त्या राज्यावर पडली. १६१४ साली आक्रमण टाळण्यासाठी तैमुराजने आईला वाटाघाटींसाठी म्हणून शाहकडे पाठवले. वाटाघाटी करायला गेलेली ती बाई ओलीस झाली आणि पुढची जवळपास दहा वर्षे शिराझमध्ये नजरकैदेत राहिली. सप्टेंबर १६२४ मध्ये शाहचा हुकूम आला, धर्म सोड किंवा मर. तिने धर्म सोडला नाही. तापवलेल्या लोखंडाने तिचा छळ करून तिला मारण्यात आले. तैमुराज स्वतः कवी होता. आईच्या या मरणावर त्याने दीर्घकाव्य लिहिले. ज्या मुलाने तिला तिकडे पाठवले त्यानेच ते लिहावे, यातले दुःख त्या काव्यात शिरल्याशिवाय कसे राहिले असेल?

त्याच सुमारास गोव्याहून गेलेले पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्री शिराझमध्ये येऊन राहिले होते. काही महिन्यांनी त्यांनी राणीचे अवशेष गुपचूप उकरून काढले आणि इस्फहानला नेऊन ठेवले. १६२७ मध्ये उजव्या हाताचा भाग गोव्याच्या मठात आला, आणि १६२८ मध्ये दुसरा काही भाग तैमुराजच्या हाती देण्यात आला. तो त्याने काखेतीतल्या अलावेर्दीच्या चर्चमध्ये ठेवला. मरणापूर्वी राणी कॅथलिक झाली होती असा ऑगस्टिनियनांचा दावा होता, जो जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने कधी मान्य केला नाही. आपल्या धर्मप्रसाराच्या शाखेला एक हुतात्मा मिळाला याचा त्या संघाला अभिमान होता हे उघड आहे. लिस्बनमधल्या त्यांच्या ग्रासा मठात राणीच्या हौतात्म्याचे चित्र असलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आजही भिंतीवर आहेत.

ख्रिस्ती परंपरेतले अवशेषांचे स्थान समजून घेताना मला माझ्या घरचा देव्हारा आठवतो, कारण तिथे नेमकी उलटी रीत आहे. आमच्याकडे देवांचे चांदीचे टाक आहेत. ते पूजेत झिजतात, नाक-डोळे पुसट होतात. पुसट झाले की सोनाराकडे न्यायचे, जुनी चांदी मोडीत न घालता त्यातच थोडी भर घालून नवे टाक ठोकून घ्यायचे आणि विधीपूर्वक पुन्हा देव्हाऱ्यात बसवायचे. देव तोच असतो. हा टाक पणजोबांचा की परवाच्या सोनाराचा, असा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडल्याचे मला आठवत नाही, कारण देव चांदीत नसून पूजेच्या न तुटलेल्या क्रमात असतो. संताच्या अवशेषाचे तसे नाही. तिथे तेच हाड, तोच दात, तेच वस्त्र लागते. ते बदलून दुसरे ठेवता येत नाही. म्हणूनच तिथे खरे-खोटे हा मुद्दा पहिल्यापासून टोकदार राहिला. मध्ययुगात अवशेषांचा बाजार मांडला गेला, एकाच संताची शिरे दोन-दोन गावांत पुजली गेली, आणि १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेला सांगावे लागले की बिशपने तपासून मान्यता दिल्याखेरीज कुठलाही नवा अवशेष पूजेला ठेवू नये. अवशेषाबरोबर शिक्क्याचा एक कागद असतो, त्याला ‘ऑथेंटिका’ म्हणतात. सातबारा नसलेली जमीन आणि ऑथेंटिका नसलेले हाड, दोन्हींची पंचाईत सारखीच.

केतेवानच्या हातासाठी तो सातबारा म्हणजे पाद्र्यांची कागदपत्रे. त्यांतल्या नोंदीनुसार हात काळ्या दगडाच्या पेटीत ठेवला होता, आणि पेटी मठाच्या चॅप्टरच्या दालनात, म्हणजे जिथे मठवासी रोज बैठकीला जमत त्या दालनातल्या प्रार्थनास्थळी, एपिसल बाजूच्या दुसऱ्या खिडकीत होती. एपिसल बाजू म्हणजे वेदीकडे तोंड करून उभे राहिले असता उजवीकडची. इतका नेमका पत्ता क्वचितच मिळतो. अडचण एवढीच की पत्ता उरला आणि इमारत गेली.

जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या पश्चिमेला जी टेकडी आहे, तिला पोर्तुगीज ‘मोंते सांतो’ म्हणत, पवित्र टेकडी. तिथे १५९७ ते १६०२ या काळात ऑगस्टिनियनांनी नोसा सेन्योरा द ग्रासा हे चर्च बांधले. सगळे बांधकाम जांभ्याचे. आमच्या सिंधुदुर्गातही घरे त्याच दगडाची, त्यामुळे त्या दगडाचा स्वभाव मला ठाऊक आहे. खाणीतून काढला की चिरा कुऱ्हाडीनेही तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो, आणि गिलावा निघाल्यावर दरवर्षीचा पाऊस पीत पीत आतून भुगा होत जातो. १८३५ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केले आणि मठ ओस पडला. गिलाव्याकडे बघायला कुणी राहिले नाही. १८४२ मध्ये मुख्य छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि एका मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. मूळच्या सुमारे ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा उभा चिरलेला अर्धा भाग आज टेकडीवर उभा आहे, आणि गोव्याच्या प्रत्येक कॅलेंडरवर असतो. इथली घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वादच्या किल्ल्यावर गेली आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. पणजीत ती वाजते तेव्हा ती खरीच इथली का, असे कुणी विचारत नाही.

ढिगाऱ्याखाली गेलेल्या त्या दालनातली दुसरी खिडकी शोधायची, तर आधी दालन शोधायला हवे होते. जॉर्जिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. तिथल्या लोकांनी त्या काळापासून गोव्याकडे चौकशा सुरू केल्या होत्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची पथकेही येऊन गेली. त्या धावत्या शोधांत हाती काही लागले नाही. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाने सगळा परिसर पद्धतशीर मोकळा करायला घेतला, भिंतींचे पाये उघडे पडले, ओवऱ्या कुठे आणि दालने कुठे ते कागदांशी ताडून ठरवता आले, आणि २००४ मध्ये चॅप्टरच्या त्या खिडकीच्या जागेपाशी हाताचे एक लांब हाड मिळाले. परिसरात आणखीही मानवी अवशेष मिळाले. तपासणीसाठी त्यांतले तीन नमुने निवडले गेले आणि त्यांना क्यूकेटी-१, २ आणि ३ अशी नावे दिली गेली. क्यूकेटी-१ म्हणजे खिडकीपाशी मिळालेले हाड.

आता प्रयोगशाळेत नेमके काय झाले ते नीट सांगायला हवे, कारण पुढच्या बातम्यांत हा भाग फार घाईने उरकला गेला. चारशे वर्षे दमट हवेत आणि जांभ्याच्या ढिगाऱ्यात राहिलेल्या हाडात डीएनए उरतो तो तुकड्यातुकड्यांनी. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएच्या प्रती दोनच, मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या मात्र शेकडो असतात, म्हणून जुन्या हाडांत तो हाती लागण्याची शक्यता अधिक. शिवाय तो फक्त आईकडून येतो. आजी, आई, मुलगी अशी ती रेघ जवळजवळ न बदलता चालत राहते. क्यूकेटी-१ मधला हा डीएनए वाचला तेव्हा तो यू-१-बी या मातृवंशगटाचा निघाला. संशोधकांनी आपल्या संग्रहातल्या भारतीय उपखंडातल्या २२,००० हून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, त्यांत हा गट एकदाही आढळला नाही. मग जॉर्जियातल्या ३० जणांचे नमुने तपासले, त्यांत दोघांचा गट हाच निघाला. उरलेल्या दोन नमुन्यांचे गट मात्र दक्षिण आशियात आढळणारे होते. म्हणजे एकाच ढिगाऱ्यातल्या तीन हाडांपैकी दोन इथल्या मातीची, आणि पत्त्यावर मिळालेले तेवढे एक बाहेरचे.

इथवर वाचल्यावर टाळी वाजवावीशी वाटते. मीही पहिल्या वाचनात मनातल्या मनात वाजवली होती. मग त्या ‘बहुधा’कडे परत गेलो आणि संशोधकांनी तो शब्द का ठेवला असेल याचा विचार करू लागलो.

मातृवंशगट म्हणजे व्यक्तीचे नाव नव्हे. फार तर त्याला आडनाव म्हणता येईल, तेही हजारो घरांत वाटले गेलेले. यू-१-बी जॉर्जियाबाहेर आसपासच्या प्रदेशांतही सापडतो. सतराव्या शतकातले गोवे हे मांडवीकाठचे झोपलेले गाव नव्हते; तिथे अर्मेनियन व्यापारी येत, होर्मुझच्या बाजूने आलेले लोक राहत, पश्चिम आशियातून आणलेले गुलाम विकले जात. त्यांतला कुणी ऑगस्टिनियनांच्या आश्रयाला येऊन तिथेच पुरला गेला नसेल, अशी खात्री कुणी द्यावी? इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या वाहनतळाखाली मिळाला, तेव्हा त्याच्या बहिणीच्या मातृवंशातल्या जिवंत व्यक्ती शोधून त्यांच्याशी डीएनए जुळवता आला होता. केतेवानच्या बाबतीत तुलनेला तशी कुणी सख्खी लेकवंशी व्यक्ती नव्हती, आजच्या तीस जॉर्जियन माणसांचे नमुने होते. आणि हा सगळा विचार १६२७ नंतरच्या प्रवासाचा झाला. त्याआधी शिराझमध्ये रात्री कधीतरी पाद्र्यांनी खड्डा उकरला, तो योग्य खड्डा होता का, याला साक्षीदार फक्त उकरणारेच होते.

तरीही मला वाटते की ‘बहुधा’ हा शब्द इथे दुबळा नाही. नुसता डीएनए पाहिला तर तो फार काही सांगत नाही, आणि नुसता कागद पाहिला तर तो पाद्र्यांच्या सोयीचा वाटतो. पण कागदात लिहिलेल्या मठात, लिहिलेल्या दालनात, लिहिलेल्या खिडकीपाशी हाताचेच हाड मिळावे आणि ते परमुलखातले निघावे, या सगळ्या गोष्टी योगायोगाने एकत्र येणे कठीण आहे. शास्त्रज्ञांनीही नेमके तेवढेच म्हटले : आमचा निष्कर्ष पुरातत्त्व आणि साहित्यातल्या पुराव्याशी जुळतो, म्हणून हे हाड राणीचे असण्याची शक्यता आहे. कुठे थांबायचे हे त्यांना कळत होते.

हे कळणे किती दुर्मीळ असते ते ट्यूरिनच्या कफनाची गोष्ट आठवली की ध्यानात येते. ख्रिस्ताचे शव ज्यात गुंडाळले असे मानतात त्या तागाच्या कापडाचे नमुने १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिच आणि टूसॉनच्या प्रयोगशाळांनी कार्बन पद्धतीने तपासले. ऑक्टोबरमध्ये लंडनला निकाल जाहीर करताना मागच्या फळ्यावर खडूने लिहिले होते ‘१२६०–१३९०’ आणि पुढे उद्गारचिन्ह. तपासणी चोख होती, आणि तिच्या निष्कर्षावर माझा विश्वास आहे. पण ते उद्गारचिन्ह प्रयोगशाळेतून आलेले नव्हते. कफनाला मानणाऱ्यांना तो चिमटा लागायचा तो लागलाच, आणि त्यानंतरची साडेतीन दशके नमुना कापडाच्या ठिगळातून घेतला की आगीच्या धुराने काळ बदलला, यावर वाद चालू आहे. खुद्द पोप दुसरे जॉन पॉल १९९८ मध्ये ट्यूरिनला गेले तेव्हा, या प्रश्नांवर मत देण्याचा चर्चला खास अधिकार नाही, ते काम शास्त्रज्ञांचे, असे सांगून मोकळे झाले होते.

गोव्यातही चाचणीचा विषय अलीकडे वेगळ्याच सुरात निघाला. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाचे दर्शन दर दहा वर्षांनी होते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ हा त्याचा ताजा काळ. त्याच्या तोंडावर शवाची डीएनए चाचणी करा अशी मागणी जाहीरपणे करण्यात आली, लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. गंमत अशी की प्रश्न विचारायला सगळ्यात कमी जागा जिथे आहे तिथेच तो विचारला गेला. सायबाचे निधन ३ डिसेंबर १५५२ चे, चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशियान बेटावर; तिथून मलाक्का, आणि मार्च १५५४ मध्ये गोवे. तेव्हापासून ते शव गोव्यातच आहे. उजवा हात १६१४ मध्ये रोमला गेला त्याचीही नोंद आहे. केतेवानच्या हाडासारखा दीडशेहून अधिक वर्षांचा ढिगारा मध्ये नाही. आणि समजा चाचणी केलीच, तर काय मिळेल? तीही ‘बहुधा’वरच थांबेल, आणि ज्याला ‘बहुधा’ ऐकायचे नाही त्याचे समाधान तिने व्हायचे नाही. राणीच्या हाडाची चाचणी ज्यांना ती राणी हवी होती त्यांच्यासाठी झाली, आणि निकाल उलटा लागला असता तर नुकसान त्यांचेच होते. विचारणारा काय पणाला लावून विचारतो, यावर त्याच चाचणीची चौकशी होते किंवा उलटतपासणी होते.

पुढची हकीकत सरकारी आहे, म्हणून झटपट सांगतो. २०१७ मध्ये अवशेष दर्शनासाठी जॉर्जियाला पाठवले गेले, ठरल्यापेक्षा अधिक काळ राहून २०१८ मध्ये परत आले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांतला एक भाग तिबिलिसीला नेऊन कायमचा जॉर्जियाच्या स्वाधीन केला; तेव्हा तिथले पंतप्रधान आणि वृद्ध धर्मगुरू दुसरे इलिया दोघेही हजर होते. उरलेला भाग भारतात राहिला. त्या समारंभाच्या बातम्यांमध्ये ‘बहुधा’ कुठेच नव्हते, आणि ते असावे अशी अपेक्षाही मी करणार नाही. विमानातून उतरवलेल्या पेटीपुढे चारशे वर्षांनी उभा राहिलेला माणूस तळटिपा वाचत नाही.

आम्ही टेकडीवर पोहोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. जांभ्यातून पाणी झिरपत होते, जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवरची लॅटिन अक्षरे ओली होऊन ठळक दिसत होती, आणि मनोऱ्याच्या अर्ध्या अंगावर हिरवळ धरली होती. निबंधातला नकाशा मोबाइलवर लावून मी आत्याला ओवऱ्यांच्या पायांमधून त्या दालनापर्यंत नेले. वेदी इथे, मग उजवी बाजू ही, मग पहिली खिडकी, मग दुसरी. खिडकी म्हणजे आता गुडघ्याएवढ्या भिंतीतली एक खोबण. डीएनएचा सगळा पाढा मी तिथे पुन्हा वाचला, बावीस हजार, तीस, दोन, सगळे. आत्याने ऐकले आणि म्हणाली, “बहुधा म्हंजे नाय असां नाय मां?” मी म्हटले, “तसंच.” मग पिशवीतून तिने म्हापशाच्या बाजारात घरच्या देवांसाठी घेतलेला अबोलीचा वळेसर काढला, दाताने धागा तोडून अर्धा वेगळा केला आणि त्या खोबणीत ठेवला. पहारेकऱ्याने पाहिले, पण तो काही बोलला नाही.

घरी आल्यावर त्या दिवशीचे फोटो नकाशाशी ताडून पाहत होतो, तेव्हा लक्षात आले की ज्याला मी वेदीचे टोक समजलो ते दाराचे टोक होते. वेदीकडे तोंड करण्याऐवजी मी तिच्याकडे पाठ करून उजवी बाजू मोजली होती. अबोली समोरच्या भिंतीतल्या खिडकीत ठेवली गेली. आत्याला हे मी अजून सांगितलेले नाही.